उसने धाडस

गेल्या कोजागरीला आमच्या म्हैसूरच्या मराठी मंडळींची बैठक नेहमीप्रमाणे एका सभासदांच्या गच्चीवर भरली. दसऱ्याची गर्दी ओसरली होती. चामुंडी टेकडीच्या माथ्यावर दिवे लुकलुकत होते, एका कोपऱ्यात केशर घातलेले दूध आटत होते, आणि सभोवार बदलीच्या गावी भेटणारी ती ओळखीची माणसे बसली होती : कोणी टपाल खात्यातले, कोणी रेल्वेतले, कोणी हिशेब तपासणाऱ्या कचेरीतले, कोणी संशोधनशाळेतले. मंडळाच्या इतिवृत्ताची वही गेली चार वर्षे माझ्या स्वाधीन आहे. दिवसभर कारकुनी करून आलेल्या माणसाला संध्याकाळीही कारकुनीच मिळावी, हा दैवाचा विनोद मी आता सरावाने सोसतो.

त्या रात्री दुधापेक्षाही अधिक उत्सुकता होती ती एका पाहुण्यांची. आमच्यातील एका वरिष्ठ अधिकाऱ्यांचे भाचे पुण्याहून आले होते. वय अठ्ठावीस-तीस, बोलणे चुरचुरीत, वृत्ती मोकळी. ते एका हुकूमशाही देशाचा प्रवास करून आले होते आणि त्या प्रवासाची चित्रफीत भिंतीला पांढरी चादर टांगून आम्हांला दाखविणार होते. त्या देशात परक्या प्रवाशाला एकट्याने फिरता येत नाही. सरकारने नेमलेला वाटाड्या सावलीसारखा बरोबर असतो. सैनिक, पूल, अर्धवट बांधलेल्या इमारती यांची छायाचित्रे घेण्यास मनाई असते. हे सारे प्रवाशाला आधी लेखी कळविलेले असते, आणि त्याखाली त्याची सही असते.

तिसऱ्या रात्री हे गृहस्थ हॉटेलच्या मुदपाकखान्याच्या दाराने बाहेर पडले. तासभर गल्लीबोळांतून हिंडले. एका पुलाजवळ सैनिक पोती उतरवीत होते, त्यांची छायाचित्रे घेतली, आणि पकडले गेले. पाच तास एका खोलीत बसवून त्यांची तपासणी झाली. कॅमेऱ्यातील सारे पुसले गेले, परंतु एक कार्ड त्यांनी पायमोज्यात लपविले होते, ते वाचले. पहाटे त्यांच्या वाटाड्या मुलीला तेथे आणण्यात आले. तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी. जपून, पाठ केल्यासारखे इंग्रजी बोलणारी. आदल्याच दिवशी तिने आपल्या धाकट्या भावाचे छायाचित्र या पाहुण्यांना दाखविले होते. ती त्या खोलीत उभी राहिली, रडली, एका कागदावर दोन ठिकाणी तिने सही केली, आणि आमचे पाहुणे सुटले. दुसऱ्या दिवशी दुसराच वाटाड्या आला. पहिलीला बरे नाही, असे त्याने सांगितले.

हे सर्व चादरीवर दिसत होते. मुलीचा चेहरा दिसत होता, नाव ऐकू येत होते. ‘बिचारी इतकी घाबरली होती की माझ्यापेक्षा तिचीच मला काळजी वाटायला लागली,’ असे पाहुणे म्हणाले आणि गच्चीवर हशा पिकला. शेवटी टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळी मीही वाजविली. हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढे मी जे लिहिणार आहे ते उंटावरून शेळ्या हाकल्यासारखे वाटू नये. कार्यवाहकांनी पाहुण्यांच्या धाडसी प्रवासाबद्दल अभिनंदनाचा ठराव मांडला आणि तो एकमुखाने संमत झाला.

रात्री दूध पचले, पण ठराव पचला नाही. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना श्रीरंगपट्टण दाखवून आणण्याचे काम माझ्याकडे आले. तेथे कर्नल बेलीच्या नावाने ओळखली जाणारी अंधारकोठडी आहे. १७८० मध्ये पोल्लिलूरच्या लढाईत हा बेली पकडला गेला आणि १७८२ मध्ये कैदेतच वारला. कमानदार छत, चुन्याने रंगविलेल्या भिंती, आणि भिंतीतून पुढे आलेल्या भोके पाडलेल्या शिळा. त्या भोकांतून कैद्यांचे हात साखळीने जखडीत असत, असे सांगतात. आमचे पाहुणे दोन शिळांच्या मध्ये उभे राहिले, हात पसरले, जीभ बाहेर काढली आणि मला छायाचित्र घ्यायला सांगितले. मी ते घेतले. तो फोन त्यांच्या हाती परत देताना मी विचारले, ‘त्या मुलीचे पुढे काय झाले?’

‘कोणत्या?’ त्यांनी विचारले. मग आठवून म्हणाले, ‘अहो, ती होय! काही नाही, बोलणी खाल्ली असतील. नोकरीच आहे ना ती तिची.’

या एका उत्तरासाठी मी हा लेख लिहीत आहे. त्या देशाचे नाव मी येथे देणार नाही, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. ज्या मुलीचा चेहरा आणि नाव त्या चित्रफितीने जगभर नेले, तिच्यापर्यंत पोहोचण्याची आणखी एक वाट माझ्या लेखणीने करून द्यावी, असे मला वाटत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, ज्याला आम्ही धाडस म्हणून टाळ्या दिल्या ते धाडसच नव्हते. धाडसात माणूस आपले काही पणाला लावतो. या गृहस्थांनी पणाला काय लावले? फार तर पाच तासांची झोप. त्यांच्या खिशात आपल्या प्रजासत्ताकाचे पारपत्र होते, परतीचे तिकीट होते, आणि परकीय चलन आणणाऱ्या पाहुण्याला सहसा कोणी दुखवीत नाही हा हिशेबही मनाशी होता. खरा धोका त्या मुलीचा होता. तो तिला न विचारता उसना घेतला, वापरला, आणि त्यावर नाव मात्र स्वतःचे घातले. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याची ही नवी रीत आहे. जुन्या रीतीत निदान हलवायाची मिठाईच जात असे.

आपण सरकारी नोकर आहोत, म्हणून हे आपल्याला इतरांहून लवकर कळायला हवे होते. वरच्याची चूक खाली कशी घरंगळत येते हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. मी नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी हे पाहिले. वरिष्ठांचे कोणी स्नेही कार्यालय पाहण्यास आले, मनाई असलेल्या खोलीत शिरले, तेथील नोंदवह्यांची छायाचित्रे घेऊन हसत निघून गेले. आठवड्याने ज्ञापन आले ते माझ्या हाती, कारण त्या दिवशी त्या खोलीची किल्ली माझ्याकडे होती. ते ज्ञापन वाचताना हाताला फुटलेला घाम मला अजून आठवतो. परंतु आमच्याकडे ज्ञापनाला उत्तर देता येते. १९६५ च्या शिस्तविषयक नियमांतील सोळावा नियम किरकोळ शिक्षेपूर्वीसुद्धा कर्मचाऱ्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी देतो, वर अपील आहे, त्याच्याही वर न्यायाधिकरण आहे. मी उत्तर दिले आणि सुटलो. त्या मुलीने ज्या कागदावर दोन ठिकाणी सही केली, त्या कागदाला उत्तर देण्याची सोय नसते. हुकूमशाही म्हणजे काय, याची मोठमोठी लक्षणे राज्यशास्त्राच्या पुस्तकांत असतील. मला कारकुनाला एवढेच लक्षण पुरते : जेथे पाहुण्याची चूक यजमानाच्या नावावर लिहिली जाते आणि यजमानाला खुलासा करण्यास रकाना नसतो.

यावर कोणी म्हणेल की, कायद्याचा जाच काय फक्त तिकडेच आहे? आपल्याकडेही तो आहे, हे मी नाकारीत नाही. २०२४ च्या डिसेंबरात गोव्याच्या विमानतळांवर परदेशी प्रवाशांना उपग्रहाशी संपर्क साधणारी यंत्रे जवळ बाळगल्यावरून अडविण्यात आले. डोंगरदऱ्यांत वाट चुकू नये म्हणून लोक ही यंत्रे वापरतात. आपल्या देशात त्यांना परवाना लागतो हे त्या बिचाऱ्यांच्या गावीही नव्हते, आणि ज्या कायद्यांचा आधार त्यासाठी घेतला जाई त्यांतील एक १९३३ चा, म्हणजे इंग्रजी अमदानीतला. हसू येण्याजोगाच प्रकार तो. परंतु त्यांना न्यायालय मिळाले, वृत्तपत्रांत बातमी आली, चार लोकांनी सरकारची टिंगलही केली. आणि मुख्य म्हणजे, ज्या टॅक्सीवाल्याने त्यांना विमानतळावर आणून सोडले तो दुसऱ्या दिवशीही टॅक्सी चालवीतच होता. आम्हीही १९७५ ते १९७७ या काळात दुसऱ्या प्रकारचा देश होऊन पाहिला आहे. त्या दिवसांत येथून जाणारे कित्येक परदेशी पाहुणे आगगाड्या कशा वेळेवर धावतात याचे कौतुक करीत परतत असत, हे वडीलधाऱ्यांकडून आपण ऐकलेलेच आहे.

पण आणीबाणीपर्यंत कशाला जायला हवे? मराठी माणसाच्या अंगणालाच लागून एक हुकूमशाही मुलूख होता, आणि आपले आजे-पणजे तेथे पाहुणे म्हणून जात-येत असत. मी सालाझारच्या अमलाखालील गोव्याविषयी बोलतो आहे. माझे आजोबा सावंतवाडीजवळचे. त्यांची धाकटी बहीण गोव्यात पेडण्याकडे दिली होती. १९५३ साली, वीस वर्षांचे असताना, ते बहिणीला भेटायला गेले. आईने दिलेले लाडू त्यांनी मुद्दाम मराठी वृत्तपत्रात बांधून घेतले आणि त्या कागदात गोव्याच्या मुक्तीविषयीचा मजकूर असलेले पान आत राहील अशी व्यवस्था केली. नाक्यावरच्या शिपायाच्या डोळ्यांदेखत ते पान पलीकडे नेले, बहिणीच्या घरी ओसरीवर वाचून दाखविले, आणि दोन दिवसांनी तसेच छाती काढून परत आले. ही गोष्ट आमच्या घरात पुढे तीस-चाळीस वर्षे सांगितली जात होती. नाक्यावरच्या शिपायाचे डोळे प्रत्येक वेळी थोडे अधिक मोठे होत. आम्ही मुले ती ऐकताना श्वास रोखून बसत असू.

मी दहा वर्षांचा असताना एका लग्नात ही गोष्ट पुन्हा निघाली. पेडण्याची आजी शेजारीच फुले निवडीत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, ‘अण्णा, तू गेल्यानंतरचं सांग ना कधीतरी.’

गेल्यानंतरचे आजोबांना ठाऊकच नव्हते. ते तिने त्या दिवशी सांगितले. ओसरीवर वाचलेले पान शेजाऱ्याच्या कानी गेले आणि तेथून चौकीत. तिच्या यजमानांना तीन वेळा बोलावणे आले. प्रत्येक वेळी सकाळी बसवायचे आणि रात्री सोडायचे. पाहुणा कोण, कशासाठी आला, आणखी कोणाकोणाकडे गेला? तिसऱ्या खेपेला ते परतले तेव्हा त्यांचा डावा कान सुजलेला होता, आणि त्या कानाने पुढे त्यांना कधीच नीट ऐकू आले नाही. त्यांनी सासरी एका शब्दाने कळविले नाही, कारण मेव्हणा तरुण आहे, मनाला लावून घेईल. आजोबा तेथून उठून गेले. ती गोष्ट त्यानंतर आमच्या घरात मी कधी ऐकली नाही.

कोणी म्हणेल, त्या काळच्या गोव्यात एका कागदाचे एवढे काय? त्या काळच्या गोव्यात लग्नपत्रिकासुद्धा छापण्यापूर्वी सरकारी तपासनिसाच्या हाताखालून जात असत. १९५४ च्या फेब्रुवारीत म्हापशाच्या एका मेजवानीत कोणी वक्ता हा मुलूख पोर्तुगालच आहे अशा अर्थाचे बोलला, तेव्हा डॉ. पुंडलिक गायतोंडे ‘मी निषेध करतो’ इतकेच म्हणाले. त्या दोन-तीन शब्दांबद्दल या नामांकित शल्यविशारदाला अटक झाली आणि पोर्तुगालला रवाना करण्यात आले. जेवणाच्या मेजावर ही गत, तर ओसरीवर काय?

माझ्या विरोधकांचे सर्वांत बळकट हत्यार मला याच गोव्यातून मिळते, आणि ते मी लपवीत नाही. डॉ. राममनोहर लोहिया १९४६ च्या जूनमध्ये गोव्यात गेले ते पाहुणे म्हणूनच. तुरुंगवासाने प्रकृती खालावलेली, म्हणून स्नेही डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्या असोळणे येथील घरी विश्रांतीसाठी गेले. तेथे लोक येऊन त्यांच्यापाशी गाऱ्हाणी सांगू लागले, आणि १८ जूनला मडगावात मनाई मोडून सभा झाली. अधिकाऱ्याने पिस्तूल रोखले, लोहियांनी त्याचा हात शांतपणे बाजूला सारला, ही हकिकत प्रसिद्ध आहे. अटक झाली, आणि थोड्याच अवधीत सुटकाही झाली. मागे राहिलेल्यांचे काय झाले? त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा दिली आणि पोर्तुगालच्या पेनिश किल्ल्यात नेऊन टाकले. पुरुषोत्तम काकोडकर आणि इतर काहींचीही अशीच हद्दपारी झाली. म्हणजे तेथेही पाहुणा सुटला आणि यजमान अडकले. मग लोहियांना आणि आमच्या कोजागरीच्या पाहुण्यांना एकाच तराजूत तोलावे काय?

तोलून पाहावे, माझी हरकत नाही. लोहियांना तेथल्या लोकांनी बोलते केले. कुन्हा यांनी तर १९२८ पासूनच गोव्यात काँग्रेसचे काम उभे केले होते, त्यांना कोणा पाहुण्याने फशी पाडलेले नव्हते. धोका कोणता हे दोघांनाही ठाऊक होते आणि तो दोघांनी मिळून पत्करला होता. आणि सुटका झाल्यावर लोहिया पुण्यामुंबईच्या गच्च्यांवर हशा पिकवीत बसले नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस ते पुन्हा गोव्यात शिरले, कुळे येथे पकडले गेले आणि आग्वादच्या कोठडीत राहिले. मधू लिमये १९५५ मध्ये सत्याग्रही म्हणून गेले, मार खाल्ला, बारा वर्षांची शिक्षा ऐकली आणि दीड वर्षाहून अधिक काळ तुरुंगात काढला. मोहन रानडे तर त्याच वर्षी पकडले गेले, १९६१ मध्ये गोवा स्वतंत्र झाला तरी पोर्तुगालच्या तुरुंगातच राहिले, आणि १९६९ मध्ये सुटले. या माणसांनी आपल्या वाटचा धोका आपल्या अंगावर घेतला. पायमोज्यात कार्ड लपवून त्यांनी दुसऱ्याच्या मुलीला खोलीत रडत उभे केले नाही. धाडस हा शब्द आपण त्यांच्यासाठी वापरून झाल्यावर त्याच शब्दाने कोजागरीचे ठराव लिहावेत, हे मला शब्दाच्या अब्रूला धरून वाटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक सभ्य आहे. तो असा की, अशा देशांत कोणी गेलेच नाही तर तेथील सत्य जगाला कळणार कसे? सरकारी वाटाड्या दाखवील तेवढेच पाहून परतावे काय? आक्षेपाचा पूर्वार्ध मला मान्य आहे. सरकारी पाहुणचार डोळ्यांवर कातडे ओढतो, हे खरेच. १९३० साली रवींद्रनाथ ठाकूर सोव्हिएत रशियात गेले, तेथील शिक्षणप्रसार पाहून भारावले, आणि तरीही निघताना दिलेल्या मुलाखतीत त्यांनी द्वेष आणि बळजबरी यांविषयी आपले भय स्पष्ट बोलून दाखविले. ज्या वृत्तपत्रासाठी ती मुलाखत होती, त्याने ती १९८८ पर्यंत छापली नाही. पण पाहा, ठाकुरांनी जे सांगितले ते तोंडावर, स्वतःच्या नावाने, सत्ताधाऱ्यांच्याच वृत्तपत्राला सांगितले. कोणा दुभाष्याचा बळी त्यासाठी द्यावा लागला नाही. आमच्या पाहुण्यांनी जिवाचा आटापिटा करून कोणते सत्य आणले? सैनिक पोती उतरवितात. हे सत्य म्हैसूरच्या मालधक्क्यावरही रोज पाहायला मिळते.

येथून पश्चिमेला ऐंशीएक किलोमीटरवर बैलकुप्पे आहे. १९६०-६१ च्या सुमारास तेव्हाच्या म्हैसूर राज्याने तिबेटी निर्वासितांना तेथे जमीन दिली. बदलीवर आलेले आपण सर्वजण एकदा तरी तेथील सुवर्णमंदिर पाहायला जातो, मोमो खातो आणि एखादा स्वेटर घेऊन परततो. मी ज्या दुकानातून स्वेटर घेतो त्याचा मालक पन्नाशीपलीकडचा आहे. तो ल्हासाकडून १९९८ साली बर्फातून चालत आला. नाव सांगत नाही. कानडीमिश्रित हिंदीत तो मला म्हणाला की, त्यांच्या गावी गोरे प्रवासी येत आणि दलाई लामांची चित्रे गुपचूप हातात ठेवीत. १९९६ च्या सुमारास त्या चित्रांवर बंदी कडक झाल्यावरही ठेवीत. म्हातारी माणसे ते चित्र कपाळाला लावून रडत, आणि प्रवासी त्या अश्रूंचे छायाचित्र घेत. प्रवासी पुढच्या मठाकडे जाई. त्यानंतर घराची झडती होई.

‘मग चित्र घेऊच नये, असं नाही वाटलं?’ मी विचारले.

‘देवाला नको कसं म्हणणार?’ तो म्हणाला, आणि मला सुटे पैसे मोजून दिले.

तेव्हा भल्या हेतूने केलेलेही उसनेच ठरू शकते, तर निव्वळ गंमत म्हणून केलेल्याची काय कथा! आणि आता ही गंमत विकणारेही निघाले आहेत. आईने जाऊ नको म्हणावे अशा ठिकाणी स्वस्तात नेऊन आणतो, अशा अर्थाची जाहिरात करणाऱ्या एका कंपनीबरोबर ऑटो वॉर्मबियर हा अमेरिकन विद्यार्थी उत्तर कोरियाला गेला. हॉटेलातील एक घोषणाफलक काढल्याच्या आरोपावरून २०१६ च्या मार्चमध्ये त्याला पंधरा वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. २०१७ च्या जूनमध्ये तो बेशुद्धावस्थेत घरी पोहोचविला गेला आणि आठवड्याच्या आत वारला. वय बावीस. त्या मुलाला मी एका अक्षराने दोष देणार नाही. फलकासाठी पंधरा वर्षे मागणारे क्रौर्य त्या राजवटीचे आहे, आणि त्या आई-बापांचे दुःख पाहून कोणाचेही मन गलबलेल. त्याच देशात कुमगांग पर्वताच्या पायथ्याशी २००८ मध्ये दक्षिण कोरियाची एक प्रौढ स्त्री पहाटे किनाऱ्यावर फिरताना मनाईच्या हद्दीत गेली आणि सैनिकाच्या गोळीने मेली. म्हणजे प्रवाशाचाही जीव जातो, हे मला मान्य. परंतु ही नावे जगाला ठाऊक आहेत. त्या हॉटेलच्या त्या मजल्यावर त्या रात्री कामावर असलेल्या माणसाचे नाव कोणाला ठाऊक आहे?

आणखी एक बाजू आहे, ती मी केवळ आपल्यासारख्या वाचकांसाठी लिहितो. परदेशात सापडलेल्या भारतीयाला सोडविण्याचे काम शेवटी कोणा तरी कचेरीतल्या कोणा तरी मेजावर येते. १९६३ च्या व्हिएन्ना कराराचे छत्तिसावे कलम अटक झालेल्या परकीयाला आपल्या वकिलातीशी संपर्क साधण्याचा हक्क देते. पण तो हक्क मिळविण्यासाठी कुलभूषण जाधव प्रकरणी आपल्या सरकारला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे दार ठोठवावे लागले, आणि पाकिस्तानने त्या कलमाचा भंग केला असा निकाल २०१९ च्या जुलैत मिळाला. त्याच महिन्यात मुंबईचे एक जोडपे आप्ताने भेट दिलेल्या सहलीवर कतारला गेले. सामानात त्यांच्या नकळत ठेवलेले अमली पदार्थ निघाले आणि दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली. बाईंना तुरुंगातच बाळ झाले. पुढे ते निर्दोष ठरून २०२१ मध्ये घरी आले. ज्यांनी काहीच केले नाही अशा माणसांच्या फायली मेजावर असताना, गंमत म्हणून पूल पाहायला गेलेल्याची फाईल त्यांच्यावर येऊन पडावी काय? आपण परदेशी जायला निघालो म्हणजे कार्यालय आपल्याकडून कारण, दिवस, खर्च, पैसा कोठून आणला हे सारे लिहून घेते, आणि आपण त्यावर कुरकुरतो. मीही कुरकुरलो आहे, यापुढेही कुरकुरेन. पण तो तक्ता निदान एवढे तरी विचारतो की, कशासाठी जाता?

पाहुण्यांना मी पत्र लिहिले. चित्रफितीतून त्या मुलीचा चेहरा पुसावा आणि नाव काढावे, बाकी सर्व आपले आपल्यापाशी ठेवावे, एवढीच विनंती केली. उत्तर सौजन्याचे आले. चेहरा काढला तर त्या प्रसंगात जीव राहत नाही, असे त्यांनी लिहिले आहे, आणि ती चित्रफीत किती हजार लोकांनी पाहिली याचा आकडाही दिला आहे. त्यांच्या मामांनी मला कचेरीच्या जिन्यात गाठून, ‘अहो, मुलगा आहे, हौशी आहे, तुम्ही एवढं मनावर काय घेता?’ असे विचारले. ते माझ्याहून तीन श्रेणींनी वरचे आहेत. मी ‘होय साहेब’ म्हणालो आणि जिना उतरलो.

पुढच्या रविवारी मंडळाची बैठक आहे. कार्यवाहकांनी इतिवृत्ताची वही दोनदा मागितली आहे. कोजागरीच्या पानावर उपस्थितांची नावे, दुधाचा खर्च, पाहुण्यांच्या भाषणाचा गोषवारा हे सर्व मी लिहिले आहे. अभिनंदनाच्या ठरावाची जागा कोरी आहे. त्या जागी दुसऱ्या दिवशी श्रीरंगपट्टणात मी विचारलेला प्रश्न आणि त्याला मिळालेले उत्तर लिहावे, अशी परवानगी मी बैठकीत मागणार आहे. बैठकीबाहेरची गोष्ट इतिवृत्तात येत नाही, असा नियम कोणी दाखविला तर तो मला मान्य करावा लागेल. मग ठराव ज्याने मांडला त्यानेच आपल्या हाताने तेथे लिहावा. शाई मी देईन.